पंचवीस तासांचा दिवस आणि वन्संची वही

पत्र:

मी ६३ वर्षांची, सांगलीची. शाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. माझा मुलगा लंडनला, वन्संचा मुलगा न्यू जर्सीला. दोघा भावांनी परस्पर ठरवलंय की जूनमध्ये लंडनला राहून झालं की आम्ही दोघींनी विमानाऐवजी ‘क्वीन मेरी २’ या जहाजानं साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जायचं. सात रात्री. मध्ये एकही बंदर नाही. हे येत नाहीत. घराला राखण लागते म्हणतात, खरं कारण पाणी. वन्सं ६९ वर्षांच्या, पायाला भिंगरी. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी आत्तापासून वहीत यादी केली आहे: सकाळी सहाला डेकवर चालणं, मग व्याख्यान, मग नाच शिकणं, मग तारांगण, मग नाटक. लग्न झाल्यापासून मी त्यांना कधी नाही म्हटलेलं नाही. मला खरं तर नुसतं बसायचं आहे. पण नुसतं बसायचं म्हटलं की अपराध्यासारखं वाटतं, आणि सहा दिवस बसून वेड लागेल अशी भीतीही वाटते. मला गाडी लागते, म्हणजे बोटही लागणार. खाली किती पाणी असेल या विचारानं पोटात गोळा येतो. नातू म्हणतो, टायटॅनिक तिथंच बुडाली. जेवणात अंडंही चालत नाही. साडी चालेल का तेही माहीत नाही. काय करू?

उत्तर:

ताई, आधी तुमच्या पोटातला गोळा बघू, मग वन्संच्या वहीकडे वळू.

तुमचं जहाज २००४ पासून चालू आहे. ३४५ मीटर लांब. बंदराबंदराला थांबत मजेत फिरणारी जहाजं वेगळी आणि हे वेगळं. उत्तर अटलांटिक ओलांडायचा हे डोक्यात ठेवूनच ते बांधलंय, त्यामुळे त्याचं नाक लांब आणि अंगाचा पत्रा जाड आहे. त्याचा पाण्याखालचा भाग दहा मीटरच्या आसपास. खाली शंभर मीटर पाणी असो की चार हजार, जहाजाला तरंगायला लागतं तेवढंच. रोज दुपारी बाराला कॅप्टनची घोषणा होते: आपण कुठं आहोत, वारा किती, समुद्राची खोली किती. पहिल्या दिवशी तुम्ही ती ऐकायची टाळाल. मला वाटतं तिसऱ्या दिवशी तुम्हीच वन्संना सांगाल, ‘आज चार हजारांच्या वर गेलं हो.’

नातवाचं म्हणणं खोटं नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिणेला, आजही जहाजं जातात त्याच टापूत, १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाली. पण पुढचं त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्या अपघातानंतर हिमनगांवर पाळत ठेवणारी आंतरराष्ट्रीय गस्त सुरू झाली, ती आजही अमेरिकेचं तटरक्षक दल चालवतं, आणि तिनं आखून दिलेल्या बर्फाच्या हद्दीच्या दक्षिणेनं जहाजं जातात. प्रत्येक माणसाला जीवनरक्षक होडीत किंवा तराफ्यावर जागा असलीच पाहिजे, हा नियमही त्यानंतरचा. जहाज सुटण्याआधी सगळ्यांची कवायत घेतात. तिथं वन्संशी गप्पा न मारता नीट लक्ष द्या, आणि त्यानंतर टायटॅनिकचा विषय बंद.

बोट लागण्याचं मात्र गंभीरपणे घ्या, कारण त्यानं खरोखर दोन दिवस वाया जाऊ शकतात. जहाजाला दोन्ही बाजूंनी पंखांसारखे स्टॅबिलायझर आहेत. ते आडवं डुलणं बरंच आवरतात. नाक वर-खाली होणं त्यांना आवरत नाही. म्हणून केबिन जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या डेकवर मिळाली तर बरं. बुकिंग मुलांनी केलं असेल तर आजच फोन करून विचारा. पुढच्या टोकाची, वरच्या मजल्यावरची, ‘व्ह्यू काय मस्त आहे’ म्हणून घेतलेली केबिन तुमच्या कामाची नाही. एव्होमिनसारखी गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो, आधी घ्यावी लागते, आणि तिनं झोप येते. तुमची रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून सांगलीतच ठरवून टाका. आल्याच्या वड्या जवळ ठेवा. पोट रिकामं ठेवू नका. मळमळायला लागलं की केबिनमध्ये पडून न राहता डेकवर या आणि आकाश पाण्याला टेकतं त्या रेषेकडे बघत बसा. या एका उपायात तुमचा नुसतं बसण्याचा हेतूही साधतो आणि वन्संना सांगायला कारणही मिळतं, पण ते कारण वापरू नका असं मी पुढे सांगणार आहे.

आता दिवसाकडे. सात रात्री म्हणजे मध्ये पूर्ण समुद्राचे सहा दिवस. इंग्लंड आणि न्यूयॉर्कच्या वेळेत पाच तासांचा फरक आहे, म्हणून सातपैकी पाच रात्री दोन वाजता जहाजावरचं घड्याळ एक तास मागं घेतात. तुमच्या वाट्याला पंचवीस तासांचे पाच दिवस येणार. विमानानं जाणाऱ्यांना हे पाच तास एकदम अंगावर येतात, तुम्हाला ते हप्त्यानं मिळतात. शाळेच्या नोकरीमुळे तुम्ही पाचला उठणाऱ्या असणार. त्यात घड्याळ मागं गेलं की चारला डोळे उघडतील. उघडू द्या. स्वेटर, मफलर, कानटोपी घालून सातव्या डेकवर जा. जूनमध्येही तिथं सांगलीच्या जानेवारीपेक्षा बोचरा वारा असतो. जहाज पश्चिमेला चाललेलं, म्हणजे सूर्य पाठीमागं उगवतो. तेव्हा मागच्या टोकाला थांबा. वारा बहुतेक समोरून येतो, त्यामुळे आडोसाही तिथंच मिळतो. त्या वेळी डेक धुणारे खलाशी आणि झोप न लागलेले दोन-चार म्हातारे इंग्रज सोडले तर कुणी नसतं. ‘गुड मॉर्निंग’ म्हणून ते पुढे जातात. कोण कुठली, मुलं काय करतात, हे विचारत नाहीत. त्याच मजल्यावरच्या बुफेच्या हॉलमध्ये चहा मिळतो. तो तुमच्या हातच्या चहासारखा नसेल, पण गरम असतो आणि कुणीतरी दुसऱ्यानं केलेला असतो.

तुम्हाला वेड लागेल असं वाटतंय ते समुद्रामुळे नाही, सवयीमुळे. सकाळी केबिन स्टुअर्ड येण्याआधी तुम्ही चादरीची घडी घालाल, ग्लास विसळून ठेवाल, टॉवेल वाळत टाकाल. पहिल्या दिवशी हौस भागवून घ्या. दुसऱ्या दिवशी तरी त्या माणसाला त्याचं काम करू द्या. कर्मचारी अनेक देशांचे असतात, त्यात गोव्याची, मुंबईची मुलं भेटली तर नवल नाही. गोव्याच्या माणसांनी ब्रिटिश जहाजांवर पिढ्यान्‌पिढ्या नोकऱ्या केल्या आहेत. एखादा ओळखीचं हसला तर दोन शब्द बोला, मात्र त्याच्या पगाराची आणि लग्नाची चौकशी पहिल्याच भेटीत नको.

बसायचं कुठं, तेही सांगते. सातव्या डेकवर जहाजाभोवती पूर्ण फेरी मारता येते आणि तिथं लाकडी आरामखुर्च्या मांडलेल्या असतात. दुपारी ऊन हवं असेल तर डाव्या बाजूची खुर्ची धरा. जहाज पश्चिमेला जाताना डावी बाजू दक्षिणेला येते. उजव्या बाजूला सावली आणि गारठा. पांघरायला शाल घरूनच न्या. बघायला काय असतं? पहिला अर्धा तास काहीच नाही. मग पाण्याचा रंग एकच नाही हे कळायला लागतं. ताठ पसरलेल्या पंखांनी, जवळजवळ न फडफडता जहाजाबरोबर तरंगत येणारे फुलमार पक्षी दिसतात. जमीन हजार मैलांवर असताना ते तिथं काय करतात, हा प्रश्न मला फार वेळ पुरला होता. प्रवासाच्या शेवटाकडे, न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्सच्या परिसरात समुद्र उथळ होतो. लॅब्राडोरकडून येणारा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह तिथं भेटतात, म्हणून जूनमध्ये दाट धुकं पडतं. जहाज ठरावीक वेळानं भोंगा वाजवत जातं. त्यातला एक भोंगा जुन्या ‘क्वीन मेरी’ जहाजावरून काढून आणलेला आहे आणि कित्येक मैलांवर ऐकू जातो. घाबरून केबिनमध्ये पळू नका. त्याच पाण्यात देवमासे असतात, धुकं विरलं की त्यांचा फवारा दिसायची शक्यता असते. दिसतीलच असं नाही. मला दिसले नाहीत, शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना दिसले, आणि त्यांनी ते मला रात्रीच्या जेवणापर्यंत ऐकवलं.

हात रिकामे ठेवून बसणं जमतच नसेल तर क्रोशाची सुई आणि लोकरीचे दोन गुंडे घेऊन जा. समुद्रातल्या दिवसांत विणकाम-भरतकाम करणाऱ्या बायका एका ठरलेल्या वेळी जमतात, आदल्या रात्री केबिनमध्ये जो कार्यक्रमपत्रिकेचा कागद येतो त्यात वेळ असते. तिथं इंग्रजीची धास्ती नको, अर्धं बोलणं बोटांनीच होतं. आठव्या डेकवर पुढच्या बाजूला मोठं ग्रंथालय आहे. काचेतून थेट समुद्र दिसतो आणि खुर्च्या इतक्या आरामशीर की अर्धे लोक पुस्तक छातीवर ठेवून झोपलेले असतात. मराठी पुस्तक मात्र तुमचं तुम्ही न्या. जाडजूड, बरेच दिवस वाचायचं राहिलेलं असं एकच न्या. तीन नेलीत की त्याचंही वेळापत्रक कराल.

अपराधी वाटण्याचं काय? आपल्याकडच्या बाईनं हे पाणी ओलांडायचं तर काहीतरी मोठं कारण लागे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये, जेमतेम अठरा वर्षांच्या असताना, डॉक्टर व्हायला न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई १८८६ च्या फेब्रुवारीत, ऐन हिवाळ्यात, लिव्हरपूलहून निघाल्या. तुम्हाला पलीकडे भाच्याला भेटणं सोडून काही काम नाही. नाही तर नाही. तिकीट मुलांनी काढलंय, शाळेला सुट्टीचा अर्ज द्यायचा नाही, आणि दुपारी तीनपर्यंत खुर्चीत बसल्याची नोंद कुठल्याही हजेरीपटावर होत नाही.

आता वन्सं. पत्रात भीती तुम्ही पाण्याची सांगितलीत, पण मला वाटतं पत्र लिहायला बसलात ते यासाठीच. एक विचारते: त्या यादीत तुम्हाला धरलंय, हे वन्संनी सांगितलं की तुम्ही गृहीत धरलं? इतक्या वर्षांची सवय आहे, त्या उठल्या की तुम्ही उठायचं. कदाचित त्यांनाही वाटत असेल, वहिनीला कंटाळा येऊ नये म्हणून मीच काहीतरी आखायला हवं. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत तास न्‌ तास भरून काढणाऱ्या माणसाला रिकामा तास अंगावर येत असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यामुळे त्यांची वही हसण्यावारी नेऊ नका आणि फाडायचाही विचार नको. त्यांना ती लागणार आहे. तुम्हाला लागणार नाही, एवढाच फरक आहे.

तेव्हा आजारपणाची सबब नको. ‘मला जरा मळमळतंय, तुम्ही जा’ असं एकदा म्हणालात की त्या प्रेमानं उशाशी बसून राहतील आणि तुमचे दोघींचे दिवस फुकट जातील. शिवाय खोटं बोलायचं तर सात रात्री एकाच खोलीत काढायच्या आहेत. सरळ सांगा, आणि जहाजावर चढण्याआधी सांगा. लंडनला, मुलाच्या घरी, दुपारच्या चहाला. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये, डोकं फिरल्यावर नको. म्हणायचं असं: ‘वन्सं, दुपारचा चहा आणि रात्रीचं जेवण आपण रोज बरोबर घेऊ. मधला वेळ तुम्ही तुमचा, मी माझा. तुमच्या यादीतलं एक काहीतरी रोज मला सांगा, त्याला मी येईन.’ शेवटचं वाक्य गाळू नका. तुम्ही त्यांना नाही म्हणत नाही आहात, रोज एकदा हो म्हणताय. पहिल्यांदाच असं बोलताना आवाज कापेल. कापू दे. वन्सं गप्प झाल्या तर भरभर समजूत काढायला जाऊ नका, घोटभर चहा पिऊन होईपर्यंत थांबा.

रोजच्या त्या एका गोष्टीत तारांगण जरूर घ्या. जहाजावर खरंखुरं तारांगण आहे, समुद्रावरचं पहिलं, आणि मागं रेलून बसायचं असल्यामुळे दोघींचंही समाधान होतं. जागा आधी राखून ठेवावी लागली तर ते काम वन्संकडे द्या, त्यांना आवडेल. सकाळचं चालणं एखाद्या दिवशी करा. डेकच्या तीन फेऱ्या म्हणजे साधारण पावणेदोन किलोमीटर. नाचाच्या वर्गाला मात्र त्यांना एकट्यांना जाऊ द्या. तिथं एकट्या आलेल्या बायकांबरोबर नाचायला जहाजानं नेमलेले सभ्य वयस्क गृहस्थ असतात. वन्सं नाचल्या तर सांगलीत सांगायचं की नाही, हे तुम्ही दोघींनी ठरवा.

दुपारच्या चहाचं मी मुद्दाम सुचवलं. साडेतीनच्या सुमाराला क्वीन्स रूम नावाच्या मोठ्या दालनात पांढरे हातमोजे घातलेले वेटर किटल्या घेऊन फिरतात, वाद्यवृंद वाजत असतो, काकडीची छोटी सँडविचेस येतात. इथंच तुमच्या अंड्याचा प्रश्न येतो. केकमध्ये अंडं असणार हे धरूनच चाला, आणि स्कोन नावाचे छोटे पाव असतात तेही विचारल्याशिवाय तोंडात घालू नका. बुकिंग करतानाच ‘शाकाहारी, अंडं नाही’ असं लेखी कळवा, आणि पहिल्या रात्री जेवणाच्या हॉलमधल्या मुख्य वेटरला पुन्हा तोंडानं सांगा. वरणभातासारखं काही हवं असेल तर आदल्या रात्री सांगून बघा, पुष्कळदा जमवून देतात. बुफेत भाज्या, भात, एखादी करी असते. मेतकूट, चटणीची पूड असं काही न्यायचं असेल तर बंद पाकिटातलं न्या. उरलं तर न्यूयॉर्कला उतरताना कस्टमच्या अधिकाऱ्याला ते सांगायला विसरू नका. पाणी गरम करायची कॉइल बॅगेत घालू नका, आगीच्या भीतीनं जहाजावर ती काढून घेतात.

साडी चालते का, हे विचारून तुम्ही मला हसवलंत. संध्याकाळी सहानंतर तिथं सगळे नीटनेटका पोशाख करून येतात. दोन रात्री तर खास समारंभाच्या असतात. तुमची एक पैठणी आणि एक इरकल त्या हॉलमध्ये कुणालाही भारी पडेल. फक्त चप्पल टाचेची नको. जहाज हललं की आधी निऱ्यांचीच पंचाईत होते.

शेवटची सकाळ वन्संच्या यादीत नसेल तर तुम्ही घाला. पहाटे पाचच्या आत, आयत्या वेळी नक्की वेळ विचारून, दोघी वरच्या डेकवर जा. न्यूयॉर्कच्या बंदरात शिरताना जहाज व्हेराझानो पुलाखालून जातं. पूल आणि जहाजाचं धुराडं यांत जेमतेम तीन-चार मीटरचं अंतर राहतं. आता आपटणार, असं बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. त्या एका दिवशी नुसतं बसून चालणार नाही.

राहिले ते सांगलीत घर राखणारे. जहाज सुटताना मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर टाका. समुद्रावर जहाजाचं नेटवर्क आपोआप पकडलं गेलं तर रोमिंगचं बिल डोळे पांढरे करतं. जहाजाचं वाय-फाय पैसे भरून मिळतं, त्यावरून दिवसातून एकदा निरोप पाठवा. फोनमधलं घड्याळ जहाजाची वेळ दाखवेलच असा भरवसा नाही, म्हणून मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि ज्या रात्री कळवलं असेल त्या रात्री झोपताना एक तास मागं करा. यांना मात्र वेळेचा तक्ता करून फ्रिजवर लावून द्या: साउदॅम्प्टनहून निघताना तुम्ही सांगलीच्या साडेचार तास मागं, न्यूयॉर्कला पोचाल तेव्हा साडेनऊ तास. तुमचा सकाळी आठचा निरोप त्यांना सुरुवातीला दुपारी साडेबाराला मिळेल आणि शेवटी संध्याकाळी साडेपाचला. हे आधी सांगितलं नाहीत, तर चौथ्या दिवशी ते लंडनच्या मुलाला फोन करून विचारतील, तुझी आई रोज उशिरा का उठायला लागली आहे.